पेट्रोलचा ऑक्टेन अंक आणि मोटारीची गरज

तालुक्याच्या ठिकाणच्या पेट्रोलपंपावर मोटार उभी राहिली, की "साधे भरू की प्रीमियम?" हा प्रश्न आता हमखास विचारला जातो. पंपावरील फलकांवर ९५, ९७, ९९, १०० असे आकडे दिसू लागले आहेत. मोठा आकडा म्हणजे अधिक कसदार इंधन, अधिक ओढ आणि लिटरमागे अधिक अंतर, असा अर्थ बहुतेक वाहनधारक मनाशी लावतात. सरकी-पेंड जास्त घातली की म्हैस दूध जास्त देते, त्याच हिशेबाने मोटारीलाही चांगलेचुंगले घालावे अशी ही समजूत आहे. सणासुदीला किंवा लांबच्या प्रवासाला निघताना 'एकदा चांगले पेट्रोल घालू' असे म्हणणारे चालक शासकीय कार्यालयांतूनही आढळतात, आणि त्यांचा हेतूही चांगलाच असतो.

वास्तविक ऑक्टेन अंक हा इंधनाच्या कसाचा आकडा नव्हेच. एक लिटर पेट्रोलमध्ये किती उष्णता साठविलेली आहे, हे त्या आकड्यावरून मुळीच कळत नाही. दाब आणि उष्णता वाढत असताना ते इंधन ठिणगी पडेपर्यंत न पेटता किती धीर धरू शकते, एवढेच त्यावरून कळते. हा फरक ध्यानात आला, म्हणजे कोणत्या मोटारीला कोणते पेट्रोल घालावे हा प्रश्न पुष्कळसा सुटतो. तो ध्यानात न आल्यास व्यक्तीचा, संस्थेचा किंवा शासनाचा पैसा विनाकारण खर्च होतो. शिवाय खरा धोका जेथे आहे तेथे लक्ष जात नाही, हे नुकसान वेगळेच.

ठोका म्हणजे काय?

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढले जाते. पिस्टन वर येताना ते मिश्रण दाबतो आणि योग्य क्षणी प्लगची ठिणगी पडते. ठिणगीपासून निघालेली ज्योत मिश्रणातून क्रमाने पसरत जाते. तिच्यामुळे दाब वाढतो, पण तो एकसारखा वाढतो, आणि पिस्टन खाली ढकलला जातो. दिवाळीत लवंगी माळेच्या एका टोकाला उदबत्ती लावली की एकामागून एक फटाका उडत जातो, तसा हा प्रकार आहे. परंतु तीच माळ पेटत्या शेकोटीत टाकली तर काय होईल? सगळे फटाके एकदमच उडतील. ज्योत पसरत असताना तिच्यापुढील, अद्याप न जळलेले मिश्रण अधिकाधिक दाबले जाते व तापते. इंधनात पुरेसा धीर नसेल, तर ज्योत तेथे पोहोचण्यापूर्वीच हे उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते. त्यातून दाबाच्या तीव्र लहरी निर्माण होतात आणि त्या सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा टकटक आवाज चालकाच्या कानी येतो. 'गाडी नॉक करते' असे मेकॅनिक म्हणतो, ते यालाच.

हा ठोका केवळ ऐकण्याचा उपद्रव नाही. तो दीर्घकाळ चालू राहिला, तर पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडतात, त्याच्या रिंगा तुटतात, क्वचित पिस्टनला भोकही पडते. इंजिन उतरविण्याचा खर्च कोणत्याही पेट्रोलच्या भावापेक्षा कितीतरी मोठा असतो.

ठोका पडण्याची प्रवृत्ती मुख्यतः इंजिनाच्या रचनेवर अवलंबून असते. पिस्टन खाली असतानाची जागा आणि वर असतानाची जागा यांचे जे प्रमाण, त्याला संपीडन गुणोत्तर म्हणतात. ते जितके अधिक, तितकी इंधनातील उष्णता चांगली वापरली जाते, आणि तितकाच धीराच्या इंधनाचा आग्रहही वाढतो. एके काळच्या मोटारींत हे गुणोत्तर सात-आठ असे. आजच्या साध्या पेट्रोल मोटारींत ते दहा ते बारापर्यंत गेले आहे. टर्बोचार्जर बसविलेल्या इंजिनात हवा मुळातच दाबून भरली जाते. म्हणून तेथे गुणोत्तर थोडे कमी दिसले तरी प्रत्यक्ष दाब जास्तच असतो.

डिझेलची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तेथे ठिणगीच नसते. दाबलेल्या तप्त हवेत डिझेलने चटकन स्वतःहून पेटावे, अशीच अपेक्षा असते. म्हणून डिझेलला ऑक्टेन नव्हे, तर सिटेन अंक लावतात, आणि आपल्याकडे तो किमान ५१ असावा लागतो. शासकीय जीपगाड्यांचे अनेक चालक डिझेलवर वर्षे काढून पेट्रोलच्या मोटारीकडे आलेले असतात. त्यांनी हा भेद समजून घेणे इष्ट होय.

आकडा कोठून आला?

पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी, तसेच अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग व टॉमस मिजली यांनी या ठोक्याचा पाठपुरावा केला. दोष इंजिनाच्या ठिणगी-यंत्रणेचा आहे असे प्रथम अनेकांना वाटत होते. तो इंधनाच्या स्वभावाचा आहे, हे प्रयोगांती सिद्ध झाले. मग इंधनाचा स्वभाव मोजण्यासाठी माप हवे. ग्रॅहम एडगर यांनी १९२६ च्या सुमारास ते सुचविले. आयसो-ऑक्टेन नावाचा फांद्या फुटलेल्या रचनेचा हायड्रोकार्बन ठोक्याला चांगला विरोध करतो, म्हणून त्याला १०० गुण देण्यात आले. सरळ साखळीचे नॉर्मल-हेप्टेन लगेच ठोका देते, म्हणून त्याला शून्य. हे हेप्टेन त्या वेळी जेफ्री पाइन या अमेरिकन झाडाच्या राळेपासून मिळविले जाई. एखादे पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकाच ठोका देत असेल, तर त्याचा ऑक्टेन अंक ९१. म्हणजे '९१ ऑक्टेन' पेट्रोलमध्ये ९१ टक्के ऑक्टेन असते असे नव्हे. रसायनशास्त्राच्या शिक्षकांना विद्यार्थ्यांचा हा गैरसमज वारंवार दुरुस्त करावा लागतो.

मोजणी एका खास एक-सिलिंडर इंजिनावर होते. त्याचे संपीडन गुणोत्तर चालू स्थितीत कमीजास्त करता येते. मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या सौम्य कसोटीतून मिळतो तो रिसर्च ऑक्टेन अंक, संक्षेपाने 'रॉन'. मिनिटाला ९०० फेऱ्या आणि अधिक तापविलेले मिश्रण अशा कठोर कसोटीतून मिळतो तो मोटर ऑक्टेन अंक, म्हणजे 'मॉन'. तो साधारणतः रॉनपेक्षा आठ-दहांनी कमी भरतो. भारतात आणि युरोपात पंपावर रॉन सांगण्याचा प्रघात आहे. अमेरिकेत दोहोंची सरासरी सांगतात. परदेशी असलेले नातेवाईक 'आमच्याकडे ८७ चे पेट्रोल सर्रास चालते' असे कळवितात, तेव्हा ऐकणाऱ्याला आपले ९१ वरचढ वाटते. भारतीय मानकानुसार ९१ रॉनच्या पेट्रोलचा मॉन किमान ८१ असतो. सरासरी काढली तर ८६ येते. म्हणजे दोन्ही पेट्रोले जवळपास सारखीच. परदेशी बनावटीच्या मोटारीची पुस्तिका वाचताना तिच्यात कोणते माप दिले आहे, हे प्रथम पाहावे ते याचसाठी.

ऑक्टेन वाढविण्याचा एक स्वस्त उपाय मिजली यांना ९ डिसेंबर १९२१ रोजी सापडला. टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचे अल्प प्रमाण पेट्रोलमध्ये मिसळले, की ठोका थांबे. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका कारखान्यात हे संयुग तयार करताना पाच कामगार दगावले, तरीही त्याचा वापर जगभर पसरला. धुराड्यातून बाहेर पडणारे शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटविते, हे मान्य व्हावयास अर्धशतक लागले. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल आले, आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. जगातील अखेरचा देश अल्जीरिया. तेथील पंपांवरून शिसेमिश्रित पेट्रोल २०२१ मध्ये गेले. आकडा वाढविण्याची किंमत नेहमी पंपावरच चुकती होते असे नाही, हे या इतिहासावरून दिसते.

भारतातील बदललेले आकडे

शिसे काढल्यानंतर तेलशुद्धीकरण कारखान्यांना ऑक्टेन दुसऱ्या मार्गांनी मिळवावा लागला. रेणूंची पुनर्रचना करणारी संयंत्रे उभारावी लागली. १९९० च्या दशकात ८७ आणि ९३ असे दोन प्रकार परिचित होते. भारत-दोन मानकात साध्या पेट्रोलचा किमान रॉन ८८ होता, पुढे तो ९१ झाला आणि प्रीमियमसाठी ९५ ठरला. १ एप्रिल २०२० रोजी देशभर भारत-सहा मानक लागू झाले, तेव्हा मुख्य बदल गंधकात झाला. दशलक्ष भागांत ५० भागांवरून ते १० भागांवर आले. त्याच वर्षी १ डिसेंबरला इंडियन ऑईलने मथुरा येथील कारखान्यात तयार केलेले १०० ऑक्टेनचे पेट्रोल दहा शहरांत विक्रीस आणले. त्यांत मुंबई व पुणे होती. ते उच्च संपीडनाच्या महागड्या मोटारी आणि मोटारसायकली यांच्यासाठी आहे. नेहमीच्या छोट्या मोटारीत ते घातल्यास मोटारीला काही अपाय नाही, पण उपायही नाही.

यानंतरचा बदल मात्र प्रत्येक वाहनधारकापर्यंत पोहोचला. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूर येथे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या विक्रीचा प्रारंभ झाला आणि २०२५ पर्यंत हे प्रमाण देशभर गाठण्यात आले. इथेनॉलचा ऑक्टेन अंक सुमारे १०८ आहे. त्यामुळे साध्या पेट्रोलचा रॉन आता ९५ पर्यंत वाढला आहे, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मधील आपल्या स्पष्टीकरणात नमूद केले. याचा व्यावहारिक अर्थ पुष्कळांच्या लक्षात आलेला नाही. केवळ ९५ या आकड्यासाठी जो जादा दर दिला जात असे, तो आकडा साध्या नळीतूनही मिळू लागला आहे. प्रीमियम पेट्रोलमध्ये इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी रसायने घातलेली असतात, त्यांचे मोल कोणास वाटत असेल तर ती गोष्ट निराळी.

मोटारीला नेमके काय हवे?

याचे उत्तर मेकॅनिक, शेजारी किंवा पंपावरील कर्मचारी यांच्यापाशी नसते. ते मोटारीबरोबर मिळालेल्या सूचना-पुस्तिकेत आणि बहुधा पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतील बाजूस छापलेले असते. तेथील शब्दयोजना काळजीपूर्वक वाचावी. 'किमान ९१ रॉन' असे लिहिले असेल, तर साधे पेट्रोल पूर्णपणे पुरेसे आहे. त्याहून वरचे पेट्रोल ओळखून त्याचा लाभ घेण्याची सोयच अशा इंजिनात बहुधा नसते. काही टर्बो मोटारींच्या पुस्तिकेत ९५ ची शिफारस केलेली असते, मात्र ९१ ही चालेल असेही म्हटलेले असते. या इंजिनांवर ठोका ऐकणारा एक संवेदक बसविलेला असतो. ठोक्याची चाहूल लागताच तो संगणकाला कळवितो, संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो, आणि इंजिन वाचते. ओढ मात्र थोडी कमी होते. चांगले इंधन मिळाले की ठिणगी पुन्हा पुढे सरकते. तेव्हा अशा मोटारीत वरच्या आकड्याचा काही उपयोग असतो, पण तो मर्यादित. जेथे '९५ आवश्यक' किंवा '९८ आवश्यक' असे स्पष्ट लिहिले आहे, तेथे मात्र काटकसर करू नये. दुचाकींनाही हाच नियम लागू आहे. गावोगाव धावणाऱ्या बहुसंख्य दुचाकींना ९१ पुरते.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने या बाबतीत केलेली तपासणी उद्बोधक आहे. ज्यांच्या मोटारींना साधे पेट्रोल पुरेसे होते, अशा १ कोटी ६५ लाख चालकांनी वर्षभरात कधी ना कधी प्रीमियम भरले आणि त्यापायी वर्षाला २१० कोटी डॉलरहून अधिक रक्कम वाया गेली, असा अंदाज तिने २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. पुढील वर्षी तिने वरच्या पेट्रोलची केवळ शिफारस असलेल्या मोटारी तपासल्या. लिटरमागील अंतरात सरासरी २.७ टक्के आणि शक्तीत १.४ टक्के वाढ दिसली. दरातील फरक याहून बराच मोठा होता.

आपल्याकडचा हिशेब कोणीही करू शकेल. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी आणि लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार ८०० लिटर पेट्रोल घेते. जादा दर लिटरला ७ रुपये धरला तरी वर्षाचे ५,६०० रुपये होतात. एखाद्या शाळेतील शिक्षकाच्या घरी ही रक्कम लहान नाही. दहा वाहने असलेल्या कार्यालयात तर ती ५६,००० होते, आणि लेखापरीक्षणात हा खर्च कशासाठी झाला याचे उत्तर द्यावे लागते.

ज्यांना तरीही शंका वाटते त्यांच्याकडे एक साधन आधीच आहे. ते म्हणजे वाहनाची नोंदवही. टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा लिहावा. साध्या पेट्रोलच्या सलग तीन टाक्या त्याच मार्गावर, त्याच चालकाने संपवाव्यात आणि नंतर प्रीमियमच्या तीन. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये, कारण एक आठवडी बाजार, एक घाट किंवा एक दिवसाची निवडणूक-ड्यूटी सारा हिशेब फिरवू शकते. टायरमधील हवा दोन्ही वेळा सारखी ठेवावी. फरक आढळलाच तर तो दरातील फरकाशी ताडून पाहावा.

घाट, उन्हाळा आणि चालक

कुंभार्ली किंवा आंबेनळी घाटात भरलेली मोटार वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चढविली की ठोका ऐकू येतो. चंद्रपूर-नागपूरकडील मे महिन्यात तो अधिक सहज येतो, कारण आत जाणारी हवाच तापलेली असते. अशा वेळी पेट्रोल हलके निघाले असा दोष देण्याआधी गिअर खाली घ्यावा. आवाज थांबला तर दोष पेट्रोलचा नव्हता. इंजिनात काजळीचे थर साचल्यास, शीतक पाणी कमी झाल्यास, किंवा जुन्या कार्बोरेटरच्या मोटारीत ठिणगीची वेळ चुकीची लावलेली असल्यासही ठोका पडतो. त्यावर महाग पेट्रोल ओतणे म्हणजे गळक्या छपराखाली नवीन चटई अंथरण्यासारखे होय.

इथेनॉलबाबतही अशीच गफलत होते. ऑक्टेन वाढला म्हणजे मायलेज वाढेल, अशी अपेक्षा काहींनी बाळगली होती. प्रत्यक्षात तक्रार आली ती मायलेज घटल्याची. कारण सरळ आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाजूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. पाचवा हिस्सा इथेनॉल मिसळल्यास दर लिटरची ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी उतरते. आकडा वर गेला आणि ऊर्जा खाली आली. ऑक्टेन आणि कस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावयास नको. नीती आयोगाच्या २०२१ मधील आराखड्यात मूळ इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकींच्या बाबतीत ६ ते ७ टक्के घट धरण्यात आली होती. दुचाकींच्या बाबतीत ती ३ ते ४ टक्के आणि २० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या मोटारींच्या बाबतीत १ ते २ टक्के होती. नवी इंजिने वाढलेल्या ऑक्टेनचा फायदा घेऊन काही तूट भरून काढतात. जुन्या मोटारींना ते साधत नाही. त्यांच्या रबरी नळ्या आणि वायसर यांवर इथेनॉलचा परिणाम होऊ शकतो, तो निराळाच. त्यावर ऑक्टेन हे औषध नाही. नळ्या तपासून वेळेवर बदलणे हाच मार्ग आहे.

हे इथेनॉल मका, तांदूळ आणि ऊस यांपासून बनते. त्यातील उसाचा वाटा बराचसा महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा आहे. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याच्या उसाचा अंश आता पंपावरील ऑक्टेनमध्ये उतरतो, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने समाधानाची बाब आहे. त्या उसाला लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न मात्र या आकड्याने सुटलेला नाही.

खरा धोका भेसळीचा

अधिकृत पंपावर ९१ पेक्षा कमी रॉनचे पेट्रोल विकताच येत नाही. म्हणजे किमान ९१ मागणाऱ्या सर्वसाधारण मोटारीला कमी ऑक्टेनचे इंधन मिळण्याचा प्रसंग निवड चुकल्याने येत नाही. तो येतो इंधन बिघडल्याने. पैकी एक कारण म्हणजे पाणी. इथेनॉल पाणी शोषून घेते. पावसाळ्यात पंपाच्या भूमिगत टाकीत किंवा मोटारीच्या टाकीत पाणी शिरले, तर एका मर्यादेनंतर इथेनॉल पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन तेवढा घसरतो, आणि तळचे मिश्रण इंजिनात गेल्यास मोटार बंद पडते. कोकणातील पंपचालकांनी टाकीची झाकणे आणि पाण्याची रोजची तपासणी यांत हयगय करून चालत नाही.

दुसरे कारण मानवी आहे. रॉकेलचा ऑक्टेन अंक पेट्रोलच्या मानाने फारच कमी असतो. थोडेसे मिसळले तरी ठोका वाढतो आणि काजळी साचते. रॉकेल सवलतीच्या दराने मिळत असे तेव्हा तेच भेसळीचे मुख्य साधन होते, आणि नॅप्था व औद्योगिक द्रावके यांचाही उपयोग केला जाई. हा व्यवहार किती निर्ढावलेला असू शकतो हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ इंधनातील भेसळीचा प्रकार तपासण्यास गेले असता त्यांना जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताकदिन होता. त्यानंतर राज्यभरातील शासकीय कर्मचाऱ्यांनी काम थांबवून निषेध नोंदविला. पंपावरच्या एका नमुन्यात ऑक्टेन अंक कमी भरतो, ही बाब प्रयोगशाळेच्या अहवालात एका ओळीत मावते. त्या ओळीपर्यंत पोहोचण्यासाठी एका अधिकाऱ्याला प्राण द्यावे लागले.

ऑक्टेन अंक पंपावर मोजता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतील ते खास इंजिनच लागते. परंतु ग्राहकाला प्राथमिक तपासणी करण्याचा अधिकार आहे, आणि त्याची साधने पंपावर ठेवणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. गाळणकागदावर नोझलमधून पेट्रोलचा एक थेंब सोडावा. तो सुमारे दोन मिनिटांत डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. रॉकेल किंवा डिझेल मिसळलेले असल्यास तेलकट डाग राहतो. हलकी द्रावके मात्र या चाचणीत सापडत नाहीत. म्हणून घनता पाहावी. हायड्रोमीटर आणि तापमापक यांच्या साहाय्याने काढलेली घनता कोष्टकावरून १५ अंश सेल्सिअसला आणतात आणि ती टँकरबरोबर आलेल्या नोंदीशी ताडतात. घनमीटरला ३ किलोग्रॅमहून अधिक तफावत असल्यास संशयास जागा आहे. मापाविषयी शंका असेल, तर वैधमापन विभागाने प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप मागावे.

संशय बळावला तर पंपावरील तक्रारवहीत नोंद करावी आणि तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेस व संबंधित तेल कंपनीस लेखी कळवावे. नोंदीत दिनांक, वेळ, नोझलचा क्रमांक आणि पावतीचा क्रमांक असावा. नमुना ग्राहकाने स्वतः बाटलीत भरून नेऊ नये, तो पुराव्यात टिकत नाही. २००५ च्या मोटर स्पिरिट व हायस्पीड डिझेल आदेशानुसार प्राधिकृत अधिकारी पेट्रोलचे प्रत्येकी एक लिटरचे सहा नमुने स्वच्छ ॲल्युमिनियमच्या डब्यांत घेऊन मोहोरबंद करतात. त्यांतील दोन विक्रेत्याकडे राहतात, दोन विभागाकडे किंवा कंपनीकडे, आणि दोन प्रयोगशाळेत जातात. प्लॅस्टिकच्या डब्यात घेतलेला नमुना ग्राह्य धरला जात नाही.